भार उतरल्यानंतर

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यानाचा संपादित मजकूर. वक्ते शाळेचे माजी विद्यार्थी व निवृत्त यंत्र अभियंता असून इंदूरचेच आहेत.)



साठ वर्षे पुरी केलेल्या शाळेच्या व्यासपीठावर उभे राहताना माजी विद्यार्थ्याने कृतज्ञता व्यक्त करावी, असा संकेत आहे. ती माझ्या मनात भरपूर आहे. परंतु कृतज्ञतेवर वीस मिनिटे बोलणे मला जमणार नाही. मी आयुष्यभर स्प्रिंगा केल्या, म्हणून आज स्प्रिंगेविषयीच बोलणार आहे. ती गोष्टही या शाळेतच सुरू झाली आणि तिचा आरंभ माझ्या एका लबाडीपासून झाला, हे आधीच सांगून टाकतो.

त्या काळी मध्य प्रदेशात शालान्त परीक्षा अकरावीला होत असे. मागच्या अंगणाकडे उघडणाऱ्या लांबट खोलीत आमची प्रयोगशाळा होती. तिथे लाकडी स्टँड, एक मोजपट्टी, पितळी वजनांची पेटी आणि एकच चांगली स्प्रिंग होती. पदार्थविज्ञान शिकवणारे आमचे सर ती स्प्रिंग कापसात गुंडाळून ठेवीत. प्रयोग साधा होता. स्प्रिंग टांगायची, तिच्या खालच्या टोकाला बांधलेली सुई मोजपट्टीवर कुठे येते ते पाहायचे, मग पन्नास-पन्नास ग्रॅमची वजने चढवीत दर वेळी सुईचे स्थान लिहायचे. वजन नसताना सुई 20 सेंटिमीटरवर असे. 50 ग्रॅमला ती 22 च्या आसपास, 100 ग्रॅमला 24 च्या आसपास येई. वजन दुप्पट केले की वाढ दुप्पट, तिप्पट केले की तिप्पट. आलेखावर बिंदू मांडले की सरळ रेषा मिळे.

हाच हुकचा नियम. रॉबर्ट हुक हा सतराव्या शतकातला इंग्रज वैज्ञानिक. विलक्षण बुद्धीचा, पण आपले शोध दुसरा कोणी पळवील या धास्तीत असलेला. 1676 साली त्याने हा नियम छापला तो कोड्याच्या रूपात. लॅटिन वाक्यातली चौदा अक्षरे वर्णक्रमाने लावून त्याने नुसती ओळीत मांडली. अर्थ कोणालाच लागला नाही, पण मालकी नोंदली गेली. दोन वर्षांनी, 1678 मध्ये, त्याने कोडे उलगडले. जेवढी वाढ तेवढे बल, असा त्याचा आशय होता. हा नियम आपल्याला अठरा वर्षांपूर्वीच सापडला होता, असेही त्याने तेव्हा सांगितले. त्याच सुमारास घड्याळाच्या चक्राला बारीक स्प्रिंग बसवून वेळ अचूक राखण्याच्या युक्तीवरून त्याचा हायगेन्सशी वाद चालू होता. एवढ्याशा वेटोळ्यासाठी युरोपातली दोन थोर डोकी भांडत होती, हे सर आम्हांला रंगवून सांगत.

सरांजवळच्या जुन्या पुस्तकात बलाला ‘प्रेरणा’ असा शब्द होता. प्रेरणा वाढवली की स्प्रिंग वाढते, हे वाक्य ऐकून आम्ही हसत असू. पण त्या पुस्तकातला दुसरा शब्द मला जन्मभर पुरला. तो शब्द म्हणजे स्थितिस्थापकता. सर तो फळ्यावर फोडून लिहीत: स्थिती, स्थापक. ताणले जाणे म्हणजे स्थितिस्थापकता नव्हे. ताण सुटल्यावर मूळ स्थिती पुन्हा स्थापन करणे म्हणजे स्थितिस्थापकता. चिकणमातीही ताणली जाते, पण तिला परत येता येत नाही. पुढे अभियांत्रिकीला सगळे इंग्रजीत शिकलो, तेव्हा माझे इंग्रजी माध्यमातले मित्र व्याख्या पाठ करीत होते. मला ती पाठ करावी लागली नाही. माझ्या भाषेतल्या शब्दातच ती बसलेली होती.

आता लबाडीची गोष्ट. एका दुपारी सर खोलीत नसताना मी आणि माझा एक मित्र, आम्ही दोघांनी ठरवले की ही स्प्रिंग कुठवर जाते ते पाहू. पेटीतली सगळी वजने अडकवली. तेवढ्याने समाधान होईना, म्हणून फाटकाचे भले मोठे कुलूप आणून तेही लटकावले. स्प्रिंग खाली आली, आणखी आली आणि मग एका क्षणी, काहीच न वाढवताही, हळूच आणखी थोडी उतरली. आम्ही घाबरून सारे काढून घेतले. सुई वर गेली, पण 20 वर पोचली नाही. ती 23 वर थांबली.

दुसऱ्या दिवशी नेमकी माझी वजने लावून नोंदी घेण्याची पाळी होती. सुई 20 पासून सुरू होणार नाही हे मला ठाऊक होते. म्हणून मी मोजलेच नाही. वहीत सरळ लिहून टाकले: 20, 22, 24, 26, 28. आलेखावर सुंदर रेषा काढली आणि वही सरांपुढे ठेवली.

सरांनी वही पाहिली आणि म्हणाले, “अरे, तुझे आकडे फार शहाणे दिसतात. एकही इकडेतिकडे होत नाही.” मग ते मला स्टँडपाशी घेऊन गेले. एकही वजन न लावता त्यांनी सुईकडे बोट दाखवले. मी मान खाली घातली.

छडी बसेल असे वाटले होते. सर म्हणाले, “आता खरे मोज.” मी मोजले. 23.0, 25.1, 26.9, 29.0, 31.1. पुन्हा आलेख काढला आणि पाहतो तो काय, रेषा सरळच होती! तिचा चढही पहिल्याइतकाच होता. फक्त ती 20 ऐवजी 23 पासून निघत होती. सर शांतपणे म्हणाले, “खरे लिहिले असतेस, तरी हुक खराच ठरला असता. तू खोटे बोलून नियमाला मदत करायला गेलास. त्याला तुझ्या मदतीची गरज नव्हती.”

मग त्यांनी समजावले. प्रत्येक स्थितिस्थापक वस्तूला एक मर्यादा असते. मर्यादेच्या आत धातूच्या अणूंमधली अंतरे किंचित बदलतात आणि भार उतरला की पूर्ववत होतात. मर्यादेपलीकडे धातूतले अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात आणि सरकलेले थर आपण होऊन मागे येत नाहीत. स्प्रिंगेचे बळ गेलेले नसते. गेलेले असते तिचे मूळ ठिकाण. ती नव्या ठिकाणापासून तेवढ्याच जोमाने काम करते. म्हणूनच नुसता चढ पाहणाऱ्याला दोष दिसत नाही. दोष दिसतो तो भार नसताना ती कुठे उभी आहे हे पाहिले तर.

ती स्प्रिंग त्यांनी फेकली नाही. भिंतीवर खिळ्याला टांगली आणि माझ्याकडूनच चिठ्ठी लिहवून घेतली: ‘हिची मूळ स्थिती आता 23 आहे.’

शिक्षा तिथे संपली नाही. सरांनी एक प्रश्न घातला. 100 ग्रॅमचे वजन लावले की स्प्रिंग 4 सेंटिमीटर वाढते. वजन 4 सेंटिमीटर खाली आले, म्हणजे गुरुत्वाकर्षणाने सुमारे 0.04 ज्यूल कार्य केले. मग स्प्रिंगेत किती ऊर्जा साठली? मी म्हटले, तेवढीच. सर म्हणाले, आलेखातल्या रेषेखालचे क्षेत्रफळ काढ. रेषेखाली त्रिकोण असतो. त्याचे क्षेत्रफळ पायागुणिले उंचीच्या निम्मे. उत्तर आले 0.02 ज्यूल. कारण स्प्रिंग पहिल्या मिलिमीटरला जवळजवळ काहीच विरोध करीत नाही आणि शेवटच्या मिलिमीटरलाच पुरा विरोध करते; सरासरी निम्मीच पडते. म्हणूनच वाढ दुप्पट झाली की साठलेली ऊर्जा चौपट होते, तिप्पट झाली की नऊपट.

“मग उरलेली अर्धी कुठे गेली?” हा प्रश्न मी घरी नेला. माझे वडील इथल्या एका कापड गिरणीत फिटर होते. शिक्षण बेताचे, पण हात मोठे शहाणे. त्यांनी विचारले, “वजन हाताने हळूहळू सोडलेस ना?” मी हो म्हटले. “मग हाताने खाल्ली. एकदम सोडून बघ.” दुसऱ्या दिवशी 100 ग्रॅमचे वजन लावून एकदम सोडले. स्प्रिंग 4 वर न थांबता जवळजवळ 8 सेंटिमीटरपर्यंत गेली, परत वर आली आणि बराच वेळ झुलत राहिली. उरलेली अर्धी ऊर्जा झुलण्यात दिसत होती. हवेच्या आणि धातूतल्या अंतर्गत घर्षणाने तिची उष्णता होत गेली, तेव्हा कुठे वजन 4 वर स्थिरावले. सावकाश ठेवलेला आणि अचानक टाकलेला भार वजनाला सारखाच असला, तरी स्प्रिंगेला तो दुप्पट जाणवतो, हे मी गिरणीतल्या एका फिटरकडून आणि शाळेतल्या एका स्टँडकडून शिकलो.

पुढे मी अभियंता झालो आणि दूरच्या एका शहरात, रेल्वेच्या डब्यांसाठी स्प्रिंगा करणाऱ्या कारखान्यात नोकरीला लागलो. लहानपणी इथून महूला, पुढे पातालपाणीच्या घाटातून मीटरगेजच्या गाडीने जाताना त्या डोलण्याची मजा आपण सर्वांनी घेतली आहे. त्या डोलण्यामागे काय असते, ते थोडक्यात सांगतो.

डब्याखालची स्प्रिंग मनगटाएवढ्या नसली तरी अंगठ्याहून जाड पोलादी कांबीची असते. कांब लालबुंद तापवून गुंडाळतात, तेलात बुडवून कडक करतात आणि पुन्हा बेताने तापवून तिचा ठिसूळपणा घालवतात. गंमत अशी की स्प्रिंग दाबताना तिची कांब दाबली जात नाही, ती पिळली जाते. वेटोळ्याचा प्रत्येक तुकडा स्वतःभोवती किंचित पीळ घेतो आणि त्या पिळांची बेरीज म्हणजे स्प्रिंगेचे दबणे. म्हणून कांबीच्या जाडीला फार महत्त्व आहे. जाडी दुप्पट केली की स्प्रिंग सोळापट ताठ होते. वेटोळ्याचा व्यास दुप्पट केला की ताठपणा आठव्या हिश्श्यावर येतो. आणि एखादी स्प्रिंग मधोमध कापली, तर प्रत्येक अर्धी पहिलीच्या दुप्पट ताठ होते. मुलांनी हा शेवटचा प्रयोग घरी करून पाहावा, मात्र आजोबांच्या घड्याळावर नको.

समजा, एका स्प्रिंगेवर 4 टन भार आला आणि ती 8 सेंटिमीटर दबली. तिच्यात सुमारे 1,570 ज्यूल ऊर्जा साठते. सोळा किलोचे धान्याचे पोते तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे 10 मीटर उंच चढवायला लागेल तेवढी! रुळाच्या सांध्यावर बसलेला धक्का ती आधी स्वतःत घेते आणि मग सावकाश परत करते. डब्याखाली स्प्रिंगांचे दोन थर असतात. दोन्ही मिळून डबा 20 सेंटिमीटर बसतो असे धरले, तर त्याचा एक झोका सुमारे 0.9 सेकंदाचा होतो. शाळेतली 4 सेंटिमीटर वाढलेली स्प्रिंग 0.4 सेकंदात एक झोका घेते. जितके जास्त बसणे, तितका संथ झोका, आणि संथ झोका माणसाला सोसतो.

पण सेकंदाला सुमारे एक झोका म्हणजे तासाला साडेतीन हजारांवर, वीस तासांच्या प्रवासात सत्तर हजारांवर. असे चौदा-पंधरा प्रवास झाले की दहा लाख. स्प्रिंग एका मोठ्या भाराने मोडण्यापेक्षा या लहान लहान, मर्यादेच्या आतल्या, असंख्य हेलकाव्यांनी थकून मोडण्याची भीती जास्त. धातूलाही शिणवटा येतो. बहुधा पृष्ठभागावरच्या एखाद्या ओरखड्यापासून केसासारखी तडा सुरू होते. म्हणून तयार स्प्रिंगेवर पोलादी छर्ऱ्यांचा मारा करतात. छर्ऱ्यांनी ठोकलेला वरचा थर दबलेल्या स्थितीत राहतो आणि दबलेल्या थरात तडा सहज उघडत नाही. शेवटी प्रत्येक स्प्रिंग वेटोळ्याला वेटोळे टेकेपर्यंत अनेकदा दाबतात, सोडतात आणि तिची उंची मोजतात.

नोकरीच्या सहाव्या-सातव्या वर्षी अशाच एका मालाचे कागद माझ्यापुढे सहीसाठी आले. माल रात्रपाळीत तपासलेला होता, ट्रक दारात उभा होता. दिलेल्या भाराखाली किती दबली, याचे आकडे उत्तम होते. मोकळ्या उंचीचा रकाना पाहिला आणि माझा हात थांबला. अठ्ठेचाळीस स्प्रिंगांची उंची अगदी एकसारखी होती. एक मिलिमीटरचाही फरक नाही. ‘तुझे आकडे फार शहाणे दिसतात.’ शाळेतले ते वाक्य कोणीतरी मागे उभे राहून बोलल्यासारखे वाटले. रात्री कोणीतरी उंची मोजलीच नव्हती. मी जसे मोजले नव्हते तसेच.

मी फेरतपासणी सांगितली. वरिष्ठांनी समजावले की ताठपणा बरोबर आहे, मग अडचण काय? पण ताठपणा बरोबर असूनही स्प्रिंग बिघडलेली असू शकते, हे मला भिंतीवरच्या एका खिळ्याने शिकवले होते. मोजल्यावर अकरा स्प्रिंगा ठरल्यापेक्षा बुटक्या निघाल्या. शोध घेतला तेव्हा कळले की भट्टीचा तापमापक चुकीचे दाखवत होता. दुसऱ्यांदा तापवताना पोलाद जरुरीपेक्षा जास्त तापले आणि मऊ पडले. पोलाद मऊ पडल्याने ताठपणा बदलत नाही, मर्यादा मात्र खाली येते. चाचणीतच त्या स्प्रिंगा मर्यादा ओलांडून बसल्या होत्या. उरलेल्या सदतीस उंचीला पुरेशा होत्या, पण भट्टी तीच होती; म्हणून सगळा माल परत घ्यावा लागला.

मी शूर होतो असे कृपया समजू नका. सहीपूर्वीची दोन तास मी खुर्चीत नुसता बसून होतो. घरी लहान मुलगी होती, बढती जवळ आली होती. ती बढती त्या वर्षी मिळाली नाही आणि वरिष्ठ कित्येक महिने माझ्याशी कामापुरतेच बोलले. रात्रपाळीतला तो तरुण तपासनीस माझ्यापुढे मान खाली घालून उभा राहिला, तेव्हा त्याला रागावण्याचा अधिकार मला नव्हता. मी त्याला एवढेच म्हणालो, “आता खरे मोज.”

पालकहो, स्प्रिंगेवर बोलणाऱ्याने शेवटी मुलांवरच्या ताणाविषयी काही सांगावे, अशी अपेक्षा असणार. उपमा फार ताणू नये. तिलाही मर्यादा असते. मूल ही स्प्रिंग नव्हे. स्प्रिंग मूळ स्थितीला परत यावी, मुलाने मात्र पुढे जावे. भारही वाईट नसतो. भार नसलेली स्प्रिंग काहीच साठवीत नाही. तरी माझ्या धंद्यातली एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. मर्यादा ओलांडली की नाही, हे भार चढलेला असताना कळत नाही. ते भार उतरल्यावर कळते. परीक्षेच्या आठवड्यात मूल वाकलेले दिसले तर घाबरू नका. परीक्षा संपल्यावर, सुट्टीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच्याकडे नीट पाहा. ते पुन्हा भांडते आहे, खिडकीशी गुणगुणते आहे, भूक लागली म्हणून स्वयंपाकघरात डोकावते आहे, तर सुई 20 वर आली. गुणपत्रिका उत्तम असूनही ती 23 वर थांबली असेल, तर तो आकडा गुणपत्रिकेत दिसणार नाही. तो आपणच मोजावा लागेल आणि आवडला नाही तरी खरा लिहावा लागेल. भार अचानक टाकला तर दुप्पट जाणवतो, हेही विसरू नये.

आमचे सर आज नाहीत. भिंतीवरची ती स्प्रिंगही जुन्या खोलीबरोबर गेली. तिच्याऐवजी मी आज एक वस्तू आणली आहे. त्या परत घेतलेल्या मालातली ही एक स्प्रिंग, निकालात काढलेली. वजनदार आहे, दोघांनी उचलावी. तिला मी चिठ्ठी बांधली आहे. तिच्यावर ठरलेली उंचीही आहे आणि खरी उंचीही आहे. संस्थेने ती नव्या प्रयोगशाळेत ठेवावी, ही विनंती. तिथे आता पडद्यावर प्रयोग दिसतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण पडद्यावरचे आकडे नेहमीच शहाणे असतात. म्हणून दर वर्षी एका वर्गाने स्वतःच्या हाताने या स्प्रिंगेची उंची मोजावी आणि येईल तो आकडा तसाच वहीत लिहावा. कोणाच्या आकड्यात दोन मिलिमीटरचा फरक पडला, तर शिक्षकांनी त्याला रागावू नये. त्याने मोजले आहे, एवढाच त्याचा अर्थ.